चांदीचे दागिने घडवायला सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकलेत हात चालत नाही. मला हे जमेल का?

जमेल. चित्र काढता येणं आणि दागिना घडवता येणं यांचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. पहिल्या वर्षात मोजमाप घेणं, सरळ कापणं, कानस मारणं आणि तापलेल्या धातूकडे न घाबरता पाहणं एवढंच लागतं. नवशिक्यांच्या अडचणी ऐकताना एक गोष्ट सतत दिसते. तक्रार आगीबद्दल असते आणि चूक आग पेटवायच्या आधीच झालेली असते. सांधा नीट बसलेला नसतो किंवा धातूला तेलकट बोटं लागलेली असतात. पुढे बऱ्याच उत्तरांत हेच पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

आधी तांब्या-पितळेवर शिकावं की थेट चांदीवर?

करवत आणि कानस तांब्यावर शिका. तांबं स्वस्त असतं, चुकलं तर जीव हळहळत नाही. आगीचं काम मात्र फार दिवस तांब्यावर करू नका. तांबं १०८५ अंश सेल्सियसला वितळतं, तर दागिन्यांची ९२५ चांदी ८०० अंशांच्या आसपास नरम पडू लागते आणि ९०० च्या आतच पाणी होते. तांब्यावर शिकलेला हात बिनधास्त होतो, आणि मग चांदी डोळ्यांदेखत गोळा होऊन बसते. शिवाय तांबं तापताच काळंकुट्ट पडतं, त्यामुळे रंगावरून ताव ओळखायची सवय लागत नाही. चार-पाच तुकडे तांब्याचे करा आणि चांदीकडे वळा. साधी पट्टीची अंगठी करायला जेमतेम साडेतीन-चार ग्रॅम चांदी लागते.

९९९, ९२५ हे आकडे काय आहेत? मी कोणती चांदी घेऊ?

हजार भागांत किती भाग शुद्ध चांदी, ते हा आकडा सांगतो. ९९९ म्हणजे जवळपास निखळ चांदी. ती इतकी मऊ असते की रोज वापरायची अंगठी लवकर वेडीवाकडी होते. ९२५ मध्ये ७५ भाग इतर धातू असतो, बहुतेक वेळा तांबं. त्यानं कणखरपणा येतो. अंगठी, कडी, आकडे, बांगडी यांसाठी ९२५ घ्या. खड्याभोवतीच्या कोंदणाच्या पट्टीसाठी ९९९ घ्या, कारण तिथे मऊपणाच हवा असतो.

९९९ चा आणखी एक गुण आहे. तिच्यात तांबं नसल्यामुळे ती तापून काळी पडत नाही, आणि दोन टोकं घट्ट भिडवून तापवली तर सोल्डरशिवाय (सोल्डर म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो मिश्रधातू) एकमेकांत मिसळून जातात. साखळीच्या कड्या अशा जोडता येतात. त्यासाठी ९६२ अंशांच्या, म्हणजे तिच्या वितळबिंदूच्या, अगदी काठावर थांबावं लागतं. पृष्ठभाग पाऱ्यासारखा चकाकला की त्याच क्षणी ज्योत बाजूला.

पत्रा आणि तार किती जाडीची घ्यावी?

अंगठीच्या पट्टीला दीड मिलिमीटर, पदकाला किंवा कानातल्याच्या पात्याला ०.८ (२० गेज), जोडकड्यांना १ मिलिमीटर (१८ गेज) किंवा ०.८ ची तार. गेज हा जाडीचा क्रमांक; तो वाढतो तशी जाडी कमी होते, हे ध्यानात ठेवा. गेजच्या पद्धतीही एकाहून जास्त आहेत, म्हणून खरेदी करताना मिलिमीटरमध्येच बोला.

सुरुवातीला कोणती हत्यारं लागतात?

यादी लांब करायचा मोह होतो, पण खरोखर लागतं ते थोडकंच. करवतीची चौकट आणि पाती. टेबलाला घट्ट बसणारी, मध्ये खाच असलेली लाकडी फळी. एक सपाट आणि एक अर्धगोल कानस. दातऱ्या नसलेले पक्कड, कारण दातऱ्यांचे वळ चांदीवर उमटतात आणि ते घालवायला अर्धा तास जातो. अंगठी गोल करायची निमुळती लोखंडी सळई, लाकडी किंवा चामड्याची मोगरी, चिमटे, जाडी-व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर. आगीसाठी ब्यूटेनची छोटी टॉर्च, उष्णता सोसणारी वीट, सवागी (टाकणखार, म्हणजे बोरॅक्स; सोल्डर नीट वाहावं म्हणून सांध्याला लावतात) आणि सोल्डर. शेवटी एमरी पेपर, म्हणजे घासायचा खरखरीत कागद.

पॉलिशचं यंत्र, रोलिंग मिल (पत्रा दाबून पातळ करायचं यंत्र) आणि पन्नास टोकांचा फिरता मोटरसंच सध्या घेऊ नका. यंत्र चूक लपवत नाही, ती फक्त चकचकीत करून दाखवतं. पैसे घालायचेच असतील तर कानशीत घाला. चांगली कानस वर्षानुवर्षं टिकते.

छोट्या टॉर्चची मर्यादाही सांगून ठेवतो. चांदीएवढी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. एका टोकाला दिलेली उष्णता लगेच सगळीकडे पसरते. अंगठी किंवा कानातलं छोट्या ज्योतीवर होतं. रुंद कडं घेतलंत तर दहा मिनिटं ज्योत धरूनही सोल्डर हलणार नाही. तिथे मोठी ज्योतच लागते.

हे काम घरात करता येतं का?

येतं. खिडकी उघडी हवी, हवा खेळती हवी, टेबलावर न जळणारा पृष्ठभाग हवा, आणि अग्निशामक नुसता घरात नव्हे तर हाताशी हवा. पडदे दूर. केस बांधलेले, सैल बाह्या नाहीत, सिंथेटिक कपडे तर नाहीतच, ते वितळून कातडीला चिकटतात. डोळ्यांवर चष्मा कायम, अगदी तार तोडतानासुद्धा. तुटलेलं टोक कुठे उडेल याचा नेम नसतो.

करवतीची पाती सारखी तुटतात. माझं काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. पाती डझनावर विकतात ती याचसाठी. पहिल्या दिवशी सहा तुटणं हा दर ठीकच म्हणायचा. तरी तीन गोष्टी तपासा. दाते बाहेरच्या बाजूला आणि खाली, मुठीकडे, वळलेले हवेत, कारण करवत खाली येताना कापते. पातं इतकं ताणलेलं हवं की बोटानं छेडल्यावर ‘टिंग’ वाजेल. ‘थप्प’ वाजलं तर ते सैल आहे. आणि पत्र्याच्या जाडीत पात्याचे किमान दोन-तीन दाते मावायला हवेत. ०.८ च्या पत्र्याला २/० किंवा ३/० क्रमांकाचं पातं चालतं.

त्यापुढे दोष हाताचा. आपण पुढे ढकलतो. करवत ढकलायची नसते, ती उभी धरून वरखाली चालवायची, पुढे तीच सरकते. वळण घ्यायचं असेल तर जागच्या जागी वरखाली करत राहा आणि पत्रा हळूहळू फिरवा. पात्याला अधूनमधून मेण लावा.

पहिला दागिना कोणता करावा?

साधी पट्टीची अंगठी. तिच्यात कापणं, वाकवणं, सांधा बसवणं, झाळणं (सोल्डर वितळवून जोडणं), गोल करणं, घासणं सगळं येतं, आणि झाली की बोटात घालता येते.

लांबी काढायचं सूत्र सोपं आहे. अंगठीचा आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४. आतला व्यास १७ मिलिमीटर आणि जाडी दीड असेल तर १८.५ गुणिले ३.१४, म्हणजे साधारण ५८ मिलिमीटर. जाडी मिळवायला बहुतेक जण विसरतात आणि अंगठी करंगळीत जाते. पट्टी सहा मिलिमीटरहून रुंद असेल तर अर्धा मिलिमीटर जास्त घ्या, रुंद अंगठी बोटाला घट्ट लागते.

पट्टी कापा, दोन्ही टोकं कानशीनं अगदी सरळ करा. मग तिला ताव देऊन मऊ करा आणि वाकवून टोकं भिडवा. या वेळी आकार गोल दिसण्याची गरज नाही. इंग्रजी डी अक्षरासारखा झाला तरी चालेल, किंबहुना तसाच बरा, कारण सांध्याची बाजू सपाट राहते. टोकं एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन मग मागे आणलीत तर ताणामुळे ती आपसूक दाबलेली राहतात. सांधा उजेडापुढे धरा. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा कानस. दिसेनासा होईपर्यंत टॉर्चला हात लावू नका. झाळून झाल्यावर सळईवर घालून मोगरीनं गोल करा. सळई निमुळती असते, म्हणून दर थोड्या वेळानं अंगठी उलटी करून घाला, नाहीतर एक कड मोठी होते.

ताव देऊन मऊ करणं म्हणजे नेमकं काय, आणि ते कधी करायचं?

चांदी वाकवली, ठोकली, ओढली की तिच्या आतली रचना दाटून ताठर होते. तशीच ठोकत राहिलात तर चीर जाते. ६०० ते ६५० अंशांपर्यंत तापवलं की ती पुन्हा मऊ होते. पट्टी हातात उसळी मारायला लागली की ताव द्यायची वेळ झाली.

अंश मोजायला थर्मामीटर लागत नाही. खोलीतला उजेड कमी करा. चांदीवर मंद गुलाबी-लाल छटा आली की पुरे. भर उजेडात ही छटा दिसतच नाही, म्हणून लोक आणखी तापवतात, आणि उजेडात लाली दिसेपर्यंत चांदी वितळायच्या बेतात आलेली असते. दुसरी खूण, सवागीचा लेप आधी पांढरा फुगतो आणि मग काचेसारखा पारदर्शक होतो. तिसरी, परमनंट मार्करनं एक रेघ मारून ठेवा. ती पुसली गेली की थांबा. मी अजूनही अनोळखी जाडीचा पत्रा असला की रेघ मारतो, त्यात कमीपणा काही नाही. लाली गेली की पाण्यात विझवा.

झाळताना सोल्डरचा गोळा होतो आणि तो तसाच बसून राहतो. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

ज्योतीनं सोल्डर वितळवायचं नसतं. ज्योतीनं चांदी तापवायची आणि त्या तापलेल्या चांदीनं सोल्डर वितळवायचं. ज्योत थेट सोल्डरवर धरली की तो तुकडा वितळतो, पण आजूबाजूची चांदी थंड असते. मग तो तिला चिकटणार कसा? आक्रसून थेंब होऊन बसतो.

सोल्डर नेहमी जास्त तापलेल्या बाजूकडे धावतं. ते एकाच बाजूला चढलं असेल तर तीच बाजू जास्त तापली होती. जाड पट्टीला बारीक तार जोडताना ज्योत जवळजवळ सगळा वेळ पट्टीवर हवी. तार तिच्या उष्णतेवर आपोआप तापते.

तिसरी गोष्ट, सोल्डर फट भरत नाही. ते केसासारख्या बारीक जागेत ओढलं जातं. जागा मोठी असेल तर दोन्ही काठांवर पसरतं आणि मध्ये खिंडार तसंच राहतं. फट बुजवायला आणखी सोल्डर टाकणं म्हणजे पुढे तासभर घासायचं काम वाढवून ठेवणं.

चौथी, स्वच्छता. सांधा एमरीनं घासा, मग बोट लावू नका. सवागीचं पातळ मिश्रण लावा. सोल्डरचे मिलिमीटरभराचे तुकडे करा; अंगठीला दोन पुरतात. सुरुवातीला ज्योत लांबून, हळू, म्हणजे सवागीतलं पाणी शांतपणे उडून जाईल. घाई केली तर सवागी उकळते आणि सोल्डरचा तुकडा टुणकन उडतो. मग ज्योत सगळ्या अंगठीभोवती फिरवत राहा, आधी सांध्याच्या समोरची बाजू, शेवटी सांधा. एका क्षणी सांध्यातून चंदेरी रेघ सळकन धावते. त्याच क्षणी ज्योत बाजूला घ्या.

रेघ धावली नाही आणि दोन मिनिटं झाली, तर थांबा. सवागीचा जोर संपलेला असतो, धातूवर काळं चढलेलं असतं, आता कितीही तापवलं तरी उपयोग नाही. थंड करा, स्वच्छ करा, पहिल्यापासून सुरू करा.

सोल्डरमध्ये हार्ड, मीडियम, ईझी असे प्रकार का असतात?

त्यांचे वितळबिंदू वेगळे असतात. मिश्रणानुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण हार्ड साधारण ७५० अंशांना वाहतं, मीडियम त्याहून थोडं खाली, ईझी ७०० च्या आसपास. एका नगात तीन सांधे असतील तर पहिला हार्डनं, शेवटचा ईझीनं करायचा, म्हणजे नवा सांधा करताना जुना सुटत नाही. एकच घ्यायचं असेल तर मीडियम घ्या.

दोन इशारे गंभीरपणे घ्या. कॅडमियम असलेलं सोल्डर वापरू नका. ते छान वाहतं म्हणून काही जण अजून वापरतात. पण त्याचा धूर फुप्फुसांना इजा करतो, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही. घेताना ‘कॅडमियममुक्त’ असं स्पष्ट लिहिलेलं पाहा. दुसरं, विजेच्या तारा जोडायचं शिसं-कथिलाचं सोल्डर चांदीच्या टेबलापासून लांब ठेवा. त्याचा कण राहून चांदी तापली तर तो चांदी खात जातो आणि खड्डे पडतात.

झाळल्यावर तुकडा काळा पडला. चांदी खराब झाली का?

नाही. वरचं काळं म्हणजे तांब्याचं ऑक्साइड आणि काचेसारखी झालेली सवागी. ते सौम्य आम्लात जातं. घरच्या कामाला सायट्रिक ॲसिड पुरतं: लिटरभर गरम पाण्यात शंभरेक ग्रॅम. उकळायचं नाही. लाललाल तुकडा थेट आम्लात टाकू नका, शिंतोडे अंगावर येतात. आधी पाण्यात विझवा.

या आम्लात लोखंडी चिमटा घालायचा नाही. आम्लात विरघळलेलं तांबं लगेच चांदीवर बसतं आणि तुमची अंगठी गुलाबी होऊन बाहेर येते. तांब्याचा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा. भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. वापरून निळं झालेलं आम्ल मोरीत ओतू नका. खाण्याच्या सोड्यानं शमवून घातक कचऱ्यात द्या.

पॉलिश केल्यावर मध्येच धुरकट, जांभळट डाग दिसतो. घासला तरी जात नाही.

ही ९२५ ची जुनी खोड आहे. तापताना प्राणवायू आत शिरतो आणि पृष्ठभागाच्या खाली तांब्याचं ऑक्साइड तयार होतं. आम्ल तिथवर पोचत नाही. एकतर तो थर एमरीनं पूर्ण काढायचा, किंवा तुकडा चार-पाच वेळा तापवून आम्लात घालायचा, म्हणजे वर निखळ चांदीचा पांढरा थर येतो आणि डाग झाकला जातो. तो थर पातळ असतो, नंतर जोरात पॉलिश केलंत तर डाग पुन्हा डोकं वर काढतो. खरा उपाय म्हणजे कमी वेळात, कमी वेळा तापवणं.

माझा नग वितळला. आता?

माझाही वितळला होता. पहिलंच कोंदण, दोन संध्याकाळी घालवून केलेलं. सोल्डर वाहेना म्हणून ज्योत जवळ नेली, आणि पातळ पट्टी पाठीच्या पत्र्याच्या आधी तापून एका बाजूनं खाली बसली, लोण्यासारखी. तो तुकडा अजून ठेवलाय. तुमचाही ठेवा किंवा वितळवून तार करा, चांदी कुठे जात नाही. पृष्ठभाग थरथरायला लागणं ही धोक्याची घंटा. ती दिसल्यावर हातात सेकंदभराचा वेळ असतो.

खडा कधी बसवायचा?

सगळी आग संपल्यावर. मोती, ओपल, फिरोजा यांना ज्योतही सोसत नाही आणि आम्लही.

सुरुवात सपाट बुडाच्या, घुमटाकार खड्यानं करा. पैलूदार खडे नंतर. कोंदणाच्या पट्टीची लांबी अंगठीसारखीच काढायची: खड्याचा व्यास अधिक जाडी, गुणिले ३.१४. खडा सैल नको आणि अडकायलाही नको. दाबताना एका टोकापासून दुसऱ्याकडे जाऊ नका, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं दाबा, नाहीतर शेवटी जास्तीची पट्टी एका जागी सुरकुती होऊन उभी राहते. आणि झाळण्याआधी खडा बसतो का ते पाहताना खाली दोऱ्याचा तुकडा ठेवा. अडकलेला खडा बाहेर ओढायला दुसरा उपाय नसतो.

सिल्व्हर क्ले चांगला पर्याय आहे का?

वेगळं काम आहे ते. चांदीची बारीक भुकटी, सेंद्रिय बांधक आणि पाणी यांची ही माती. ती १९९० च्या दशकात जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सनं आणली. हातानं आकार द्या, सुकवा, भाजा. बांधक जळून जातो आणि चांदी उरते. नग साधारण दहा टक्के आक्रसतो. पानाचा ठसा, बारीक पोत यासाठी मजेदार आहे. पण भाजलेली भुकटी घडवलेल्या पत्र्याइतकी चिवट नसते, त्यामुळे पातळ अंगठीला मी ती वापरणार नाही.

ओतकाम घरी करता येईल का?

पहिल्या वर्षी नको. वितळलेल्या चांदीला साच्यात ओलावा भेटला तर वाफेचा स्फोट होतो. मेणाचा नमुना स्वतः करून ओतायला बाहेर देता येतो. मेणाच्या वजनाच्या साधारण साडेदहा पट ९२५ चांदी लागते, वर ओतनळीची (जिच्यातून चांदी साच्यात जाते तिची) वेगळी.

यंत्राशिवाय चकाकी येते का?

येते. एमरी ४००, मग ६००, ८००, १२०० (आकडा वाढतो तसा कागद बारीक). प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासा, म्हणजे जुने गेले का ते कळतं. एक पायरी गाळलीत तर ४०० चा ओरखडा शेवटी आरशात उठून दिसतो. मग पॉलिशची पेस्ट आणि मऊ कापड. पुढे कधी फिरत्या चाकावर गेलात तर साखळी चाकावर कधीही धरू नका. ती गुंडाळली जाते आणि बोट सोबत नेते.

चांदी काळी का पडते?

हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे वर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. उकडलेल्या अंड्याचा बलक आणि अंगठी एका बंद डब्यात ठेवून पाहा, काही तासांत प्रयोग होतो. नक्षीच्या खाचा मुद्दाम काळ्या करायलाही काही जण हीच युक्ती वापरतात. काळं काढायचं असेल तर ॲल्युमिनियमच्या फॉइलवर नग ठेवा, खाण्याचा सोडा घाला, वर गरम पाणी. खड्यांच्या आणि मुद्दाम काळ्या केलेल्या नगांना हा उपाय करू नका. ठेवताना हवाबंद पिशवी. रबर आणि लोकर जवळ नको.

केलेले दागिने विकता येतील का?

शुद्धतेचा शिक्का मारण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. विकण्याआधी आपल्याकडचे वाचा. त्याआधी मात्र नग स्वतः दोन-तीन महिने घाला. कुठे टोचतं, कुठे लोकरीत अडकतं, कोणती कडी उघडते, ते टेबलावर कळत नाही.

कापताना पडलेल्या चुऱ्याचं काय करू?

जपून ठेवा. मांडीवर कापड किंवा फळीखाली खण ठेवा. दोन डबे करा: एकात स्वच्छ तुकडे, दुसऱ्यात कानशीचा कीस आणि सोल्डर लागलेले तुकडे. पहिला डबा तुम्ही स्वतः वितळवू शकता, दुसरा शुद्धीकरणाला द्यावा लागतो. कानशीवर तांबं-पितळ घासलं असेल तर आधी ब्रशनं साफ करा, आणि शक्य असेल तर चांदीची कानस वेगळीच ठेवा.